हंड्यातला तांबट आणि सकाळची मीटिंग

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. या वयाची माणसं गार्डनमधल्या बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यावर मुकादमकी करत होतो, आणि अजून करतोय. शेठ दोनदा म्हणाला, "काका, आता घरी बसा, आराम करा." दोन्ही वेळा मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. त्यापुढे मिठागर. आमच्या घरची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. पेणकरपाड्याला घर आहे, ते अजून आमचंच आहे. आता चारी बाजूंनी टॉवर आलेत आणि आमचं घर मध्ये वाटीतल्या लिंबासारखं दिसतं. मिठागर बंद झाल्यावर मी या लाइनीत आलो. वाचायचं म्हणाल तर दुकानाच्या पाट्या वाचतो, पेपरातली मोठी अक्षरं वाचतो. बारीक अक्षराचं आणि माझं कधी जमलं नाही. त्याची मला लाज वाटत नाही. पण ते चार लोकांत दिसावं असंही मला वाटत नाही.

आमच्या गाळ्यावर पत्र्याच्या गोल चकत्या येतात, त्यांना आम्ही सर्कल म्हणतो. सर्कल प्रेसमध्ये ठेवायचं, वरून पंच खाली येतो, आणि चपट्या पत्र्याचा टोप होतो. पुढे कडा कापणं, पॉलिश, पॅकिंग. सगळ्यात धोक्याचं काम प्रेसवर. म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबली तरच पंच खाली येतो. म्हणजे त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, पंचाखाली नसतात. ज्याने हे शोधून काढलं तो शहाणा माणूस असणार.

पण आमची माणसं त्याच्याहून शहाणी. ती डावं बटण टेप लावून दाबूनच ठेवतात. मग एका हाताने बटण मारायचं आणि दुसऱ्या मोकळ्या हाताने सर्कल सरकवायचं. काम झपाझप होतं आणि नगावर पैसे मिळतात. सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटीत हीच पद्धत. मी ओरडलो की टेप निघायचा, मी वळलो की परत लागायचा.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यावर एका माणसाचा पंजा गेला. आम्हाला आवाज नाही आला, पण रिक्षा गेलेली दिसली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांनी टेप काढले. तीन दिवसांनी सगळे परत लागले.

मला काळजी होती ती आमच्या मोठ्या प्रेसवरच्या माणसाची. हा बीडकडचा. माझाच भाडेकरू. घरामागे आमच्या चार खोल्या आहेत, त्यातल्या शेवटच्या खोलीत तो, त्याची बायको आणि त्यांची सात-आठ महिन्यांची मुलगी. मशीनवर त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. पण डोकं म्हणाल तर माझ्यासारखंच. एकदा नाही म्हटलं की नाही.

पंजा गेल्याची बातमी त्याच्या बायकोपर्यंत पोचली. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, ती मुलीला कडेवर घेऊन आली.

"काका, यांना तुम्ही सांगा ना. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, मला मशीन कळतं."

"मी रोज सांगतो, पोरी."

"तुम्ही ओरडता. सांगत नाही," ती म्हणाली, आणि जीभ चावून मागे आपल्या खोलीकडे गेली.

मला राग आला. माझ्याच ओट्यावर मला शिकवते. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

त्याच आठवड्यात शेठच्या सुनेने गाळ्याचा कारभार हातात घेतला. कारखान्यात सगळे तिला भाभी म्हणतात, मी सूनबाई म्हणतो. गुजराती घरातली, पण भाईंदरमध्येच वाढलेली, मराठी चांगलं बोलते. कुठल्यातरी ट्रेनिंगला जाऊन आली आणि म्हणाली, "काका, उद्यापासून रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मीटिंग. सगळ्यांनी उभं राहायचं आणि तुम्ही हे वाचून दाखवायचं." तिने माझ्या हातात कागद दिला. बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. "वाचायची गरज नाही. मला पाठ आहे."

"कधी पाठ केलं? आत्ता तर प्रिंट काढलंय."

"सूनबाई, कागद वाचून दाखवायला मी पोस्टमन नाही. माझी माणसं आहेत, माझ्या पद्धतीने सांगतो."

ती हसली. तिला काय कळायचं ते कळलं असावं, पण तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. एवढ्यासाठी मी तिला मानतो.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग घेतली. माझी पद्धत म्हणजे गोष्ट. मिठागरावर आमचा बाप माणसांना कामाला लावायचा तो गोष्ट सांगून. बांधावर उभा राहून सुरू करायचा आणि माणसं चिखल तुडवत ऐकायची. मी पण सुरू केलं. उधाणाच्या रात्री बांध फुटला तेव्हा मी काय केलं. साप निघाला तेव्हा मी काय केलं. वजनाच्या काट्यावर दलाल खोटं बोलला तेव्हा मी काय केलं. माणसं खूश. पॉलिशवाला आमचा आझमगडचा आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तो टाळ्या वाजवायचा. "चचा, आप तो हीरो थे!" मी म्हणायचो, "थे काय, हूं."

दोन आठवडे मी असा गाजलो. मग एक दिवस सूनबाई माझ्याबरोबर प्रेसच्या रांगेतून चालली. एकेका डाव्या बटणाकडे नुसती बघत गेली. सगळ्यांवर टेप.

ऑफिसच्या दारात थांबून म्हणाली, "काका, गोष्टी छान आहेत. मी पण आतून ऐकते. पण त्या ऐकून कोणी काही करत का नाही?"

मी म्हटलं, "माणसंच तसली आहेत."

घरी आलो तर माझं तोंड बघून आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, विचारलं, "काय झाला? कोनाशी भांडून आलाव?"

मी सगळं सांगितलं. ती बोंबलाची शेपटं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या गोष्टीत तुमीच तुमी. बांध तुमी धरला, साप तुमी मारला. दुसऱ्याला बसाला जागाच न्हाय. ती मानसं आयकतील आनि टाल्या वाजवून घरा जातील."

"मग काय सांगू? राजाराणीची?"

"सांगा. पन तुमी त्यात जाऊ नका."

पन्नास वर्षांच्या संसारात बाईचं ऐकून मी काही केलं असं मी कधी कबूल केलं नाही, आत्ताही करत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी राजाचीच गोष्ट सुरू केली.

एक राजा होता. त्याला सगळ्या गावाला एकाच हंड्यात जेवण रांधायचं होतं. त्याने खाडीकाठच्या तांबटाला एवढा मोठा हंडा करायला सांगितला की तो घराच्या दारातून बाहेर निघेना. म्हणून तांबटाने तो खाडीच्या कडेला उघड्यावर ठोकायला घेतला. आतली बाजू ठोकायची तर आत उतरायला हवं. तांबट आत उतरला, ठोकता ठोकता दमला आणि तिथेच झोपला. रात्री उधाण आलं. पाणी वर चढलं, हंडा तरंगला, आणि तांबट झोपलेला तसाच खाडीतून समुद्राकडे निघाला. पहाटे डोळे उघडले तर वर आभाळ, बाजूला तांबं आणि खाली डुगडुग.

एवढं सांगून मी म्हटलं, "चला, कामाला लागा."

"आणि पुढे?" दोघं-तिघं एकदम.

पुढे काय हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. हंडा पाण्यात घातला तेव्हा तो बाहेर कसा काढायचा याचा मी विचारच केला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, "पुढचं उद्या. मी दिवसभर फिरणार. एकाही बटणावर टेप दिसला तर उद्या गोष्ट नाही. तांबट बसेल तिथेच."

सगळे हसले. मला वाटलं, गेलं हसण्यावारी. पण दुपारी मी फिरलो तर पाच प्रेसपैकी चारांवरचे टेप निघालेले. फक्त मोठ्या प्रेसवर होता. माझा भाडेकरू माझ्याकडे न बघता काम करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभा राहिलो आणि म्हटलं, "आज हवा छान आहे. कामाला लागा."

"और तांबट?" पॉलिशवाला म्हणाला.

"पाण्यात आहे."

सगळ्यांनी वळून मोठ्या प्रेसवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी काय लहान पोरगं आहे का? काका, गोष्टीसाठी मी माझा धंदा बसवू?"

पॅकिंगला तारोडी गावाकडची एक बाय आहे, गळ्यात क्रॉस, डोक्यात अबोली, आणि तोंड असं की प्रेसच्या वर आवाज जातो. ती म्हणाली, "तुझा धंदा ऱ्हाव दे, तो मानूस बुडाला तर तुझ्या नावाव हाय, सांगून ठेवतंय."

"अगं बाय, तो खरा नाय."

"मंग तू तरी खरा हायेस ना? टेप काढ."

तीन दिवस तांबट पाण्यात राहिला. ते तीन दिवस आमच्या भाडेकरूचे वाईट गेले. चहाच्या वेळेला त्याला कोणी जागा देईना. पॉलिशवाला जाता येता म्हणायचा, "बेचारा भूखा है तीन दिन से. बीवी राह देख रही होगी." कोणीतरी त्याच्या डब्यावर खडूने हंडा काढून ठेवला. घरी पण त्याला सुख नव्हतं. आमच्या मंडळींनी गोष्ट त्याच्या बायकोला सांगितली होती, आणि भिंत पातळ असल्यामुळे मला ऐकू यायचं, "त्या बिचाऱ्याला सोडवा हो. मला पण ऐकायचंय पुढे."

चौथ्या दिवशी सकाळी तो माझ्या आधी गाळ्यावर आला. मी पोचलो तेव्हा नखाने टेप खरवडत होता. फार दिवसांचा, गोंद काळा पडलेला.

"आजच्या दिवस," तो म्हणाला. "आणि गोष्ट फालतू निघाली तर परत लावणार."

आता भीती मला बसली.

माझी झोप गेली ती इथून. रोज सकाळी पुढचा तुकडा पाहिजे. आणि असा पाहिजे की उद्याची ओढ लागेल. मी कामावरून आल्यावर जुन्या मिठागरांच्या बाजूला फिरायला जायचो. तिथे आता नुसतं खारफुटीचं रान आहे. तिथे उभा राहून मी त्या तांबटाला शिव्या घालायचो. एकदा त्याला मासा भेटवला. एकदा गलबत दाखवलं आणि ते न थांबता पुढे घालवलं. एकदा हंड्याला बारीक भोक पाडलं, ते त्याने लंगोटीच्या चिंधीने बुजवलं, त्यावर पॅकिंगच्या बायका दिवसभर हसत होत्या. एकदा मी हंडा परत खाडीत आणला तर तारोडीची बाय उसळली, "काल तुमी ओहोटी सांगितलाव. ओहोटीला हंडा आत कसा येल?"

"ही गोष्टीतली ओहोटी आहे."

"पानी सगलीकडं सारखाच असतंय मुकादम."

मला मागे घ्यावं लागलं. मिठागरावर जन्म काढलेला माणूस, आणि ओहोटीवरून पकडला गेलो. सूनबाई ऑफिसच्या काचेमागे तोंडावर ओढणी धरून हसत होती.

आणि मग एका सकाळी माझ्याकडे काहीच नव्हतं. रिकामा. रात्रभर कूस बदलून पण काही सुचलं नव्हतं. सगळे गोल करून उभे. मी घसा साफ केला, पाणी प्यालो, परत घसा साफ केला. मोठ्या प्रेसवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या खिशात टेपचा रोल होता, तो बाहेरून दिसत होता. मला वाटलं, आता हा लावणार. आज मी हरलो तर उद्या सगळेच लावणार.

नसलेलं आहे असं दाखवणं मला जन्मभर जमलेलं. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "आज मला माहीत नाही. वारा सुटलाय, हंडा हेलकावे खातोय, एका अंगाला कलतोय. तुम्ही त्यात असता तर काय केलं असतं?"

मग सगळे एकदम बोलले. कोणी म्हणालं, आडवं झोपायचं. कोणी म्हणालं, हातोडी फेकून वजन कमी करायचं. त्यावर मोठं भांडण, तांबट हातोडी फेकेल का म्हणून. पॉलिशवाला हातवारे करून म्हणाला, "अरे नहीं. बीच में बैठो, दोनों हाथ दोनों किनारे पे. एक हाथ उठाया के गया!"

त्याने हात दोन्ही बाजूंना ताणून दाखवले आणि सगळ्यांच्या नजरा मोठ्या प्रेसवाल्याकडे गेल्या. शप्पथ सांगतो, पॉलिशवाल्याच्या मनात तसं काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"माझ्याकडे काय बघताय?" भाडेकरू म्हणाला. मग त्यालाच हसू फुटलं. म्हणाला, "बरोबर आहे. दोन्ही हात धरायचे. आणि गाणं म्हणायचं, म्हणजे भीती वाटत नाही."

"कुठलं गाणं?" मी विचारलं.

"ते मी उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली.

त्या दिवसापासून गोष्ट माझी एकट्याची राहिली नाही. मला ते आधी खुपलं, खोटं कशाला बोलू. मी चार शब्द बोलायचो आणि विचारायचो, आणि हंडा त्यांच्या मनाप्रमाणे कुठे कुठे जायचा. तांबटाची बायको होडी घेऊन शोधायला निघाली ती पॅकिंगच्या बायकांनी काढली. आझमगडवाल्याने त्याला दुबईपर्यंत न्यायचा घाट घातला. दहा मिनिटांची मीटिंग पंधरा मिनिटांची झाली, सूनबाई घड्याळ बघायची आणि चालू द्यायची. मी रोज रांगेतून फिरायचो. टेप नाही. भाडेकरूच्या खिशातला रोल कधी गेला ते कळलं नाही.

डिसेंबरमधली गोष्ट. चहा होऊन गेला होता, सगळ्या प्रेस चालू होत्या. प्रेसच्या आवाजाची सवय झाली की तो ऐकू येत नाही, पण चुकला की लगेच ऐकू येतो. मोठ्या प्रेसने एक ठोका मारला आणि त्याला लागूनच दुसरा मारला. बटण परत न दाबता. क्लच झिजला की प्रेस कधी कधी अशी करते, पंच वर जातो आणि न थांबता तसाच खाली येतो. याला आम्ही डबल मारणं म्हणतो. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये डाव्या हाताने सर्कल सरकवायची वेळ असते, टेप असेल तर.

मी पाठमोरा होतो. दुसरा ठोका ऐकला आणि मला वळायची हिंमत झाली नाही. आधी मी किंकाळीची वाट बघितली. ती आली नाही. तेव्हा वळलो.

तो प्रेससमोर उभा होता. दोन्ही हात बटणांवर, कोपर ताठ, मान थोडी पुढे. सर्कल अजून बाजूच्या ढिगाऱ्यावरच. पंच खाली बसलेला. चेहरा चुन्यासारखा. सूनबाईने धावत येऊन मेन स्विच पाडला आणि एकेक करून सगळ्या प्रेस गप्प झाल्या. तरी तो बटणं सोडेना. पॉलिशवाल्याने त्याचे हात धरून हळूहळू सोडवले, एकेक बोट, जसं झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणं काढतात तसं.

मी जवळ गेलो. त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. मळलेले, तेलाचे, अख्खे हात. आणि मी काय बोललो ठाऊक आहे? मी ओरडलो. "बूट कुठे आहेत तुझे? चपला घालून येतोस कामावर? किती वेळा सांगितलं!" तो "हो काका, हो काका" म्हणत राहिला. मी चपलांवरून बोलतच राहिलो. मला थांबताच येईना. शेवटी तारोडीच्या बायने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बसा मुकादम. झाला. काय झाला न्हाय."

काही झालं नाही. हे तीन शब्द माणूस दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. त्या दिवशी ते ऐकून मी तेलाच्या ड्रमवर बसलो. छातीवरचं काहीतरी उतरलं. इतके दिवस ते तिथे होतं हे उतरल्यावर कळलं.

सूनबाईने मिस्त्रीला फोन लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, क्लच बदलल्याशिवाय ही प्रेस चालणार नाही, आणि बाकीच्या चारही उघडून बघायच्या. शेठ आतून म्हणाला, "ऑर्डर अडकेल." ती म्हणाली, "अडकू द्या, पप्पा."

संध्याकाळी मी आणि भाडेकरू एकत्र घरी आलो. रोज तो पुढे जातो, माझी चाल हळू आहे. त्या दिवशी माझ्याबरोबर चालला. पेणकरपाड्याच्या वळणावर थांबला.

"काका, घरी सांगू नका."

"मी कशाला सांगू? तूच सांग."

"सांगीन. आज नको." थोडं चालून म्हणाला, "डावा हात जाणार होता. म्हणजे सवयीने. जात होता. पण टेप नव्हता ना, तर तो हात बटणावरच अडकलेला."

मी मान खाली घालून चालत राहिलो. रस्त्याला रिक्षांचा गोंधळ चालू होता, ते बरं होतं.

तो म्हणाला, "आणि तुमचा तांबट किनाऱ्याला लागल्यावर आम्ही काय करायचं?"

"दुसरा कोणी पाण्यात घालू."

मंडळींना मात्र मी सगळं सांगितलं. तिच्यापासून लपत नाही. ती देवासमोर गेली, काय केलं ते मला दिसलं नाही. येऊन म्हणाली, "आज जेवाल ना?" मी दोन माणसांचं जेवलो आणि कित्येक आठवड्यांनी आडवा पडल्या पडल्या झोपलो. तांबट कुठे आहे याचा विचारसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली बस धरून उत्तनला गेलो. भाईंदरच्या बाजारात मासळी मिळते, पण मला होडीवरून उतरलेली हवी होती. बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत होते, बायका पाट्या लावून बसल्या होत्या. मी ताजे बोंबील घेतले, दोन वाटे, आणि भाव न करता घेतले, म्हणून विकणारीने माझ्याकडे निरखून पाहिलं. घरी येऊन एक वाटा मंडळींना दिला आणि दुसरा मागच्या शेवटच्या खोलीवर नेला. त्याच्या बायकोने दार उघडलं. आत तो जमिनीवर बसून मुलीला दोन्ही हातांनी उंच उडवत होता आणि झेलत होता. पोरगी किंचाळून हसत होती.

"एवढे कशाला, काका?" ती म्हणाली. "आणि हे असले लुसलुशीत आम्हाला करता येत नाहीत."

मी तिच्या ओट्यावर बसलो. बोंबील कसा चिरायचा, पाटा ठेवून पाणी कसं काढायचं, रवा कधी लावायचा, सगळं सांगितलं. ओरडलो नाही. सांगितलं. मग तिने चहा दिला, तो प्यालो, आणि मीटिंगला उशीर झाला तरी सावकाश चालत कामावर गेलो.